अंधाराच्या बाजूने एक पत्रक

खरं सांगा, तुम्ही पूर्ण अंधारात शेवटचे कधी उभे राहिला होतात?

वीज गेल्यावरचा अंधार मी धरत नाही. त्यात शेजारच्या घरातला कंदील असतो, एखाद्या स्कूटरचा झोत भिंतीवरून फिरून जातो, आणि ‘आली, आली’ म्हणून ओरडायला टपलेली अख्खी गल्ली असते. मी विचारते आहे तो अंधार असा, की हात नाकासमोर धरला तरी तो तिथे आहे हे फक्त हाताला ठाऊक. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हा प्रश्न चेष्टेचाच वाटेल. इथे दुकान बंद असलं तरी त्याचा पार्किंग लॉट पहाटेपर्यंत लखलखत असतो. एकही गाडी नसते. उजेड कुणासाठी, हे विचारायची पद्धत नाही.

मला मात्र या प्रश्नाचं उत्तर देता येतं. १९८६चा जून, दुपारचे बारा, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला एक बंद पडलेला रेल्वेचा बोगदा.

आता पुन्हा जून आला आहे. परीक्षा संपल्या, स्टेट कॉलेज हे आमचं विद्यापीठाचं गाव एका आठवड्यात रिकामं झालं. कॅम्पसच्या बसमध्ये सकाळी ड्रायव्हर आणि मी, दोघंच. रूममेट गावाला गेल्या, त्यांचं लोणचं फ्रिजमध्ये माझ्या हवाली करून. खिडकीत बसवलेला पंखा कापलेल्या गवताचा वास आत ओढतो, आणि टेबलावर प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्याकडे बघत पडलेलं असतं. अशा वेळी मला तो दुसरा वास येतो. ओला दगड, कुजकी पानं, गंजलेलं लोखंड. आणि त्यात, जिथे तो असायचं काही कारण नाही अशा ठिकाणी, कापूर.

कापराचं सांगते. पण आधी पत्रकांचं सांगायला हवं.

मी पत्रकांवर वाढले. इचलकरंजीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं ऑफिस होतं, मागच्या खोलीत आम्ही. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आमच्या भाताला यायचा. आई स्वयंपाक उरकून पत्रकांच्या घड्या घालायला बसायची, आणि मी तिच्या मांडीजवळ बसून ठळक अक्षरं बोटाने गिरवायची. शाळेत ‘क’ कमळाचा शिकण्याआधी मी तो कामगारांचा शिकले. त्या पत्रकांत अंधार हा कायमचा शत्रू. अज्ञानाचा अंधार, अन्यायाचा अंधार, शोषणाची काळरात्र. आणि शेवटच्या ओळीत सूर्य उगवायचाच. एकदा मी बाबांना विचारलं होतं, “आपल्या पत्रकात दर आठवड्याला सूर्य उगवतो, मग गावात का उगवत नाही?” बाबा हसले आणि म्हणाले, “बडबड कमी कर आणि स्टेन्सिल नीट धर.”

अशी मुलगी शिष्यवृत्ती मिळवून पेनसिल्व्हेनियात येते तेव्हा ती प्रत्येक गोष्टीवर पत्रक काढायला तयारच असते. वसतिगृहाच्या भाड्यावर काढलं. शेतमजुरांनी बहिष्कार पुकारलेल्या, तरी कँटीनमध्ये येणाऱ्या द्राक्षांवर काढलं. सुधाकाकू म्हणायच्या, “शैला, तू पावसावर पण पत्रक काढून राहशील एक दिवस, आणि पाऊस बिचारा येणार नाही बाप्पा.”

सुधाकाकू नागपूरच्या. काका युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकवायचे आणि काकू कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायच्या. डासांच्या अळ्या वाढवायच्या, मोजायच्या, मारायच्या. त्यांच्या घरी रविवारी गेलं की वरण-भात मिळायचा आणि अळ्यांच्या गोष्टी. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका जुन्या बोगद्यात निळा उजेड देणाऱ्या अळ्या आहेत, ही बातमी त्यांनीच आणली. “डासांची चुलत भावंडं आहेत,” त्या कौतुकाने म्हणाल्या, जणू त्यांच्याच माहेरचं कुणी होतं.

पाच तासांचा रस्ता. काकू ड्राइव्ह करत होत्या, मागच्या सीटवर त्यांची पंधरा वर्षांची केतकी कानाला वॉकमन लावून. डोंगर सुरू झाले तशी गावं बारीक होत गेली. कोळशाचे बंद पडलेले कारखाने, त्यांच्या खिडक्यांतून उगवलेली झाडं, चर्चच्या पाट्या, आणि प्रत्येक व्हरांड्यात दिवसा बसलेले पुरुष. ते बसणं मला ओळखीचं होतं. आमच्याकडे माग बंद पडले की माणसं पारावर असंच बसतात. हात मांडीवर, तळवे वर.

वाट एका लाकडी पाटीपासून सुरू व्हायची. जुन्या रेल्वेचीच ती पट्टी, रूळ उचलून नेलेले. दोन्ही बाजूंना नेचे, रोडोडेंड्रॉनच्या फिक्या गुलाबी फुलांचे गेंद, आणि मधूनच गुडघ्याएवढ्या उंचीवर पिकलेल्या रानबेऱ्या. वर झाडांचं इतकं दाट छप्पर की ऊन जमिनीवर सांडलेल्या तांदळासारखं दिसत होतं. कडेने ओढा चालला होता. तो काही सांगत नव्हता, नुसता वाहत होता. त्या दिवसांत मला हे सहन व्हायचं नाही. जगातली प्रत्येक गोष्ट काहीतरी म्हणते, आणि ती काय म्हणते हे लोकांना सांगणं माझं काम, अशी माझी समजूत होती.

बोगद्याच्या तोंडाशी हेझलबाई एका ओंडक्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पुरुषी बूट, केसांना रुमाल. त्यांचे वडील याच रेल्वेवर गँगमन होते. गाड्या बंद झाल्या, जमीन काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडे गेली, आणि तेव्हापासून ही वाट साफ ठेवायचं काम कुणी न सांगता बाईंकडे आलं. मांडीवर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो आमच्यापुढे धरला.

“घड्याळं, बॅटऱ्या, लायटर. जे जे चमकतं ते इथे.” त्यांच्या बोलण्याला एक सावकाश हेल होता. मराठीत तो उतरवता येणार नाही, पण तुमच्या कानांनी तो जमेल तसा लावून घ्या.

केतकीने हातातलं डिजिटल घड्याळ काढलं. काकूंनी घड्याळ आणि पर्समधली छोटी बॅटरी दिली. माझ्याकडे चमकणारं काही नव्हतं. मग बाईंनी भिंतीच्या कडेने बांधलेली एक जाड दोरी दाखवली, डावा हात दोरीवर आणि उजवा पुढच्याच्या खांद्यावर ठेवायला सांगितला, आणि आम्ही आत गेलो.

पहिली चाळीस-पन्नास पावलं मागून उजेड येत राहिला. मग बोगदा वळला आणि दिवस संपला. संध्याकाळ नाही, तिन्हीसांज नाही, सरळ काही नाही. पाणी ठिबकत होतं. थंडी गुडघ्यांपासून वर चढत होती. मी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते आणि मला बोलल्यावाचून राहवेना.

“काकू, हा बोगदा खणताना किती मजूर मेले असतील! त्यांची नावं कुणी लिहून ठेवली असतील? एकाचं तरी—”

“शू,” पुढून हेझलबाईंचा आवाज आला. मी इंग्रजीत विचारलं, “आवाजाने अळ्यांना त्रास होतो का?”

“त्यांना नाही होत. मला होतो.”

केतकी फिसकन हसली. मी गप्प झाले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, कारण वेळ डब्यात होता. आधी वाटलं डोळेच खेळ करताहेत. मग एक ठिपका जागेवर राहिला. त्याच्या बाजूला दुसरा. निळा. गॅसची शेगडी अगदी बारीक केल्यावर ज्योतीच्या मुळाशी जो निळा उरतो, तो. हळूहळू डाव्या भिंतीवर एक ओंजळ, मग छतावर एक ओहोळ, मग जिकडे मान वळवू तिकडे. उजेड होता पण त्याने काहीच दिसत नव्हतं. ना काकूंचा चेहरा, ना माझा हात. तो उजेड आमच्यासाठी नव्हताच. काकूंनी अगदी दबक्या आवाजात सांगितलं, अळी चिकट धागे विणते, त्यात बसते आणि पेटते. चिलटं उजेड बघून येतात आणि अडकतात. म्हणजे ती भूक होती. हजारो भुका, शांतपणे आपापल्या जागी लागलेल्या. मी भुकेवर कितीतरी पत्रकं वाचली होती. भूक इतकी सुंदर दिसू शकते हे त्यांतल्या एकातही नव्हतं.

आणि मग खर्रकन काडी ओढल्याचा आवाज झाला.

नारिंगी भडका. काकूंचा तळहात, त्यावर कापराची वडी, ज्योत वर जाताना ओल्या दगडांवर नाचणाऱ्या आमच्या सावल्या. कापूर त्या सर्दीसाठी पर्सच्या तळाशी ठेवायच्या, काडेपेटी त्याच्याच शेजारी. पत्र्याच्या डब्यात टाकायचं त्यांना सुचलंच नव्हतं. कापूर चमकत नाही ना, तो आपला कापूर. क्षणभर आम्हाला बोगदा दिसला. काळी भिंत, गंजलेले खिळे, शेवाळ. बाकी सगळं गेलं होतं.

हेझलबाईंनी दोन बोटांच्या चिमटीत ज्योत विझवली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “थांबू. येतील.”

“काकू!” मी दातांखाली म्हटलं. “तुम्ही लॅबमध्ये काम करता!”

“हात गेला गं,” काकूंचा आवाज रडकुंडीला आला होता. “असं गार, असं पाणी ठिबकून राहिलेलं... महादेवाच्या गाभाऱ्यात उभी आहे असंच वाटलं. हात आपोआप गेला.”

“आई, यू आर अनबिलिव्हेबल,” अंधारातून केतकी.

आम्ही थांबलो. पाय बधिर होईपर्यंत थांबलो. एकेक ठिपका परत आला, बिचकत, जणू दारातून डोकावून. तेवढ्या वेळात मी एक गोष्ट शिकले, पण ती शिकले हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं.

बाहेर आल्यावर ओढ्याकाठी जेवलो. काकूंच्या दशम्या आणि लसणाची चटणी, हेझलबाईंची मक्याची पावभाकरी आणि घेवड्याची उसळ. बाईंनी चटणीचा चमचाभर गोळा उसळीत कालवला, डोळ्यांतून पाणी काढत सगळं संपवलं आणि आणखी मागितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा घास हातात राहिला. काउंटीच्या कमिटीने बोगद्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत विजेचे दिवे लावायचं ठरवत आणलं होतं. कठडा, तिकिटाची खिडकी, पर्यटक. खाण बंद पडून वर्ष झालं होतं, गावाला काहीतरी हवं होतं. ऑगस्टमध्ये कमिटीचं मतदान.

“दिवे लागले की हे गेले,” बाईंनी बोगद्याकडे हनुवटीने दाखवलं. “आणि मला आता दुसरा बोगदा शोधायचं वय नाही.”

माझ्या अंगात बाबा संचारले. दुसरं काय होणार? परतीच्या पाच तासांत काकूंच्या किराण्याच्या यादीमागे इंग्रजीत मजकूर तयार झाला. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ अशी सुरुवात. मूठभर नफेखोर. निसर्गाची लूट. तीन मागण्या, शेवटची सर्वांत मोठ्या अक्षरांत. केतकीने तो आपल्या कॉम्प्युटरवर टाइप करून दिला. प्रिंटर कर्रकर्र करत असताना तिने कागद वाचला आणि विचारलं, “ताई, हू आर यू सो मॅड ॲट?”

“अन्यायावर,” मी म्हटलं.

“ओके. बट लाइक, हू?”

पंधरा वर्षांच्या मुलीला काय कळतंय, असं मनात म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण तिला मराठी वाचता येत नाही आणि काकू तिला हे वाचून दाखवतील.

दोन आठवड्यांनी आम्ही गठ्ठा घेऊन हेझलबाईंच्या घरी गेलो. त्यांनी व्हरांड्यात बसून चष्मा लावला. “बंधूंनो आणि भगिनींनो. हे चांगलं आहे. माझा नवरा खाणीतल्या युनियनच्या सभेत असंच म्हणायचा. तुला कुणी शिकवलं?” माझी छाती फुगली. त्या पुढे वाचत गेल्या. मग चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, “नफेखोर कोण?”

“कमिटी.”

“कमिटीचा प्रमुख अर्ल आहे. तो बघ.”

अर्ल शिडीवर होता. हेझलबाईंच्या छपराची पन्हळ दुरुस्त करत होता. खाली उतरला, हात पँटला पुसले आणि पत्रक घेतलं. साठीचा माणूस, रुंद खांदे, खोकला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. एवढ्या सावकाश कुणी माझं पत्रक कधी वाचलं नव्हतं. माझ्या प्रत्येक शब्दाला तो थांबत होता आणि प्रत्येक थांब्याला मी लहान होत होते.

“मी तीस वर्षं खाणीत काढली,” तो शेवटी म्हणाला. “आता गावातली पोरं एकेक करून जाताहेत. दिवे लागले तर निदान थोड्यांना काम मिळेल. यात नफा कुणाचा, बाई?”

मला इचलकरंजीचा पार दिसला. वर वळवलेले तळवे दिसले.

“आणि अंधार वाचवा म्हणणारी तू पहिलीच भेटलीस,” अर्ल म्हणाला. “अंधार काय असतो ते मला विचार. छत कोसळलं तेव्हा दीड दिवस आत होतो. टोपीवरचा दिवा मेल्यावर. आमच्यातल्या एकाचा आवाज आधी येत होता, मग येईना. आजही मी दिवा लावून झोपतो.”

“तू माझ्या बोगद्यात एकदाही आला नाहीस, अर्ल,” हेझलबाई म्हणाल्या.

“येणारही नाही,” म्हणून तो पुन्हा शिडीवर चढला.

गठ्ठा आम्ही परत आणला. गाडीत काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “मी कापूर लावला, तू पत्रक लावलं. दोघींनाही दम निघाला नाही.” इतकं खरं मला त्याआधी कुणी इतक्या प्रेमाने सांगितलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून थोडी रडले. मागून वॉकमनचा आवाज बंद झाला होता.

“व्हाय डोन्ट दे जस्ट पे पीपल टू होल्ड द रोप?” केतकी म्हणाली.

काकूंनी गाडी कडेला घेतली. खरोखर घेतली. आम्ही दोघी मागे वळून त्या मुलीकडे बघत राहिलो. दिवे लावले की माणूस लागत नाही, बटण पुरतं. अंधार ठेवला तर प्रत्येक सहा जणांमागे एक माणूस पुढे लागतो आणि एक मागे. एवढी साधी गोष्ट. ती मला सुचली नाही, कारण मी शत्रू शोधण्यात गर्क होते.

दुसरं पत्रक लिहायला मला नऊ दिवस लागले. शत्रूशिवाय लिहायचं, आणि शेवटी सूर्य उगवू द्यायचा नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी अंधाराच्या बाजूने लिहीत होते आणि माझ्या हाताला त्याची सवय नव्हती. शेवटी एवढंच उरलं:

‘बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या बोगद्यात काही जीव राहतात. ते फक्त अंधारात दिसतात. दिवे लावले तर बोगदा दिसेल, ते दिसणार नाहीत. दिव्यांना माणसं लागत नाहीत, अंधारात न्यायला लागतात. ती आपल्या गावातली असोत. मत देण्याआधी एकदा आत या. दोरी धरायला आम्ही आहोत.’

बाबांना त्याची एक प्रत पाठवली होती. त्यांचं उत्तर महिन्याने आलं: ‘अंधार वाचवा? तुला बरं आहे ना? ताप वगैरे नाही ना?’ आणि खाली बारीक अक्षरांत, बहुधा आईने टोकल्यावर: ‘मुद्दा मात्र नीट मांडला आहेस.’

जुलैच्या शेवटच्या शनिवारी अर्ल आला. आम्ही बोगद्याच्या तोंडाशी उभ्या होतो आणि तो वाटेवरून चालत आला, डोक्यावर खाणीतली टोपी, टोपीवर दिवा. माझ्याकडे बोट दाखवून हेझलबाईंना म्हणाला, “ही दोरी धरणार असं लिहिलंय. धरू दे तर.” बाईंनी डबा पुढे केला. अर्लने टोपी काढली, हातात धरली, आणि तशीच धरून उभा राहिला. ओढा वाहत होता. कुणी घाई केली नाही. मग त्याने टोपी डब्यात ठेवली. ती डब्यात मावत नव्हती, नुसती वर बसली.

हेझलबाई पुढे, मग अर्ल, मग मी, मग काकू आणि केतकी. वळण आलं, दिवस संपला, आणि माझ्या हाताखालचा तो रुंद खांदा थरथरू लागला. मागाचा पाया हलतो ना, जमिनीतून पायांत येतो, तसा तो थरकाप माझ्या कोपरापर्यंत येत होता. त्याचा श्वास मोठा झाला. मला वाटलं, आता हा वळेल, पळेल, आणि आम्ही या माणसावर केवढा अत्याचार केला आहे.

“बोल,” तो म्हणाला.

“काय?”

“काहीही. माणसाचा आवाज हवा. सभेत बोलतेस तसं.”

मला एक इंग्रजी शब्द आठवेना. तोंडातून निघालं ते बाबांचं पत्रक. मराठीत, लहानपणी बोटाने गिरवलेलं. यंत्रमाग कामगार बंधूंनो. बारा तासांची पाळी. आजारपणाची रजा. एकजूट. अज्ञानाचा अंधार, अन्यायाचा अंधार, शोषणाची काळरात्र. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराच्या पोटात मी इचलकरंजीच्या मागण्या एकेक करून मांडत होते, आणि हेझलबाईंनी मला एकदाही गप्प केलं नाही. मी सूर्याच्या ओळीपाशी येत होते, तेवढ्यात अर्लचा खांदा स्थिर झाला.

“बस,” तो म्हणाला. “दिसलं.”

निळा ओहोळ आमच्या डोक्यावरून वाहत होता. आम्ही सगळी त्याच्याखाली उभी होतो. बऱ्याच वेळाने अर्लने विचारलं, “हे करताहेत काय?”

“खाताहेत,” काकू म्हणाल्या. “म्हणजे, जेवण मिळवताहेत.”

अर्ल जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे पाळी चालू आहे.”

बाहेर आल्यावर उन्हात डोळे मिचकावत त्याने टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्याचे तळवे खाली होते.

ऑगस्टच्या सभेला मी नव्हते. निकाल हेझलबाईंच्या पत्रातून कळला: तीन विरुद्ध दोन, दिवे नाहीत. वाट उघडी असेल त्या प्रत्येक दिवशी दोरीला पुढे एक आणि मागे एक माणूस हवा, नाहीतर दिव्यांचा विषय पुन्हा मांडायचा, ही अट. पुढच्या माणसाला पगार. पहिला पगार घेणारा अर्ल.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्या उन्हाळ्याचे माझ्यावर किती उपकार आहेत याची मी मोजदाद करत नाही. हेझलबाईंनी मला गप्प केलं आणि योग्य वेळी बोलू दिलं. अर्लने माझं वाईट पत्रक शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं; रागावलेल्या माणसासाठी याहून मोठं सौजन्य मला ठाऊक नाही. काकूंनी स्वतःची चूक माझ्या चुकीच्या शेजारी ठेवली, म्हणून मला माझी दिसली. मी अजूनही पत्रकं काढते, अजूनही रागावते. राग सोडावा असं मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पण आता लिहायला बसण्याआधी मी थोडा वेळ काहीच पेटवत नाही. डोळ्यांना सवय होऊ देते. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या खांद्यावर हात ठेवता येतो का ते बघते. कधी येतो, कधी नाही येत. नाही आला तर मग लिहिते, आणि मोठ्या अक्षरांत लिहिते.

आता हे आत्ताच का लिहिते आहे ते सांगते. हेझलबाईंचे गुडघे गेले. व्हरांड्यापलीकडे त्यांना जाववत नाही. दोरीचं मागचं टोक त्या धरायच्या. त्यांच्यानंतर ते ज्या दोघांनी धरलं ते कामासाठी शहरात निघून गेले. आठवड्याच्या इतर दिवशी कुणाला तरी मागे उभं करून अर्ल कसंबसं निभावतो, पण मे ते जुलैच्या शनिवारी माणसं येतात आणि मागे कुणी नसतं. गेल्या महिन्यात दोन शनिवार वाट बंद ठेवावी लागली. दिव्यांच्या बाजूने मत दिलेले ते दोघे अजून कमिटीत आहेत, आणि त्यांनी विजेच्या कंत्राटदाराकडून नवा अंदाज मागवला आहे. मागच्या माणसालाही पगार मिळाला पाहिजे, हा वाद मी कमिटीशी वेगळा घालते आहे आणि घालत राहीन. पण अळ्या त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाहीत.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी विनंती आहे. या उन्हाळ्यातला एक शनिवार द्या. पेनसिल्व्हेनियात असाल तर पहाटे निघा, दुपारी पोचाल. मिशिगनमधल्या नोव्हायहून येणार असाल तर आदल्या दिवशी या, काकूंकडे अंथरुणं आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून लांब पडतं हे मान्य, पण गणपतीच्या नाटकाच्या तालमीला तुम्ही याहून लांब जाता हे मी बघितलं आहे. मुलांना आणा, ती इंग्रजीत बोलतील, बोलू द्या. कसलंही कौशल्य लागत नाही. शेवटचा माणूस मागे राहू नये म्हणून शेवटी उभं राहायचं, एवढंच काम आहे. या अंकाच्या संपादकांकडे आजच एक कार्ड टाका, त्यावर तुमचं नाव आणि तुमच्या शनिवारची तारीख लिहा. पहिल्या शनिवारी मी आहे. दुसऱ्यासाठी अजून कुणी नाही.